रावणताडाची किल्ली

हिरा, काल तुझा दहावा झाला. पिंड ठेवला आणि कावळा पहिल्या फटक्यात शिवला. सगळे एकमेकांना सांगायला लागले, "सुखानं गेली हो, कसली इच्छा म्हणून मागे ठेवली नाय." मला इतका राग आला म्हणून सांगू! इच्छा नव्हती कशी? माझ्या पदराच्या गाठीत ती किल्ली होती, जी तू माझ्याकडे तीनदा मागितलीस आणि मी तीनदा दिली नाही. कावळ्याला काय कळतंय त्यातलं.

आज बसले आहे तुझ्याशी बोलायला. तोंडावर कुणाची माफी मागणं मला कधी जमलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? शाळामास्तरणीची जात. फळ्यावर चुकलं की डस्टरने पुसायचं आणि पुढचं वाक्य लिहायचं. पण हे पुसलं जात नाही गं. म्हणून लिहिते.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. तेव्हा आम्ही बोईसरला राहायचो. हे तारापूरला प्लँटमध्ये, आणि मी पालघरजवळच्या माहीम गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायला यायचे. आमचं मूळ मिरजेकडचं, त्यामुळे इथली दमट हवा आणि इथली माणसं, दोन्ही नवीन. बोईसरच्या बाजारात तू चटया आणि झाडू मांडून बसली होतीस. मी एक चटई हातात घेतली. हाताला गार आणि मऊ लागली, शिंदीच्या चटईसारखी खरखरीत नाही. कशाची म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "रावणताडाची. चार डोक्यांचा ताड हाय आमच्या गावात."

मी भर बाजारात तुला शिकवायला लागले. म्हटलं, "बाई, ताडाला फांद्या फुटत नसतात. एकच खोड आणि वर एकच शेंडा. पुस्तकात आहे."

तू चटई माझ्या हातातून काढून घेतलीस, गुंडाळून ठेवलीस आणि म्हणालीस, "मग नका घेऊ. नसलेल्या झाडाची चटई घेऊन काय करणार तुमी?"

रविवारी मी हट्टाने माहीमला आले. तू मला शेवटच्या वाडीच्या पलीकडे, खाजणाच्या खाऱ्या चिखलाच्या कडेला नेलंस. आणि तिथे होतं की ते! एक खोड, कमरेच्या वर दुभंगलेलं, त्या दोन्हींना पुन्हा दोन-दोन फाटे, आणि चारही टोकांना पंख्यासारख्या पानांचे चार झुबके. पानांच्या देठांना करवतीसारखे काटे. मी तीन प्रदक्षिणा घातल्या त्याला. तू बांधावर बसून नुसती हसत होतीस. मग ओच्यातून एक तपकिरी, लाकडासारखं टणक फळ काढलंस आणि म्हणालीस, चावा. वरची साल कुरतडली, तर सुंठ घातलेल्या गुळासारखी चव. मी म्हटलं, "दात पाडायचेत का माझे?" तू म्हणालीस, "पुस्तकात नाय ना लिवलं, मग कसे पडतील?"

सोमवारी वर्गात मी मुलांना सांगितलं, की ताडाबद्दल मी शिकवलं ते चूक होतं आणि हिराबाईंनी मला ते दाखवलं. तुझी सुलभा त्याच वर्गात होती. तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा तू म्हणे रडलीस. म्हणजे एकदा मला जमलं होतं, हिरा. एकदा मी चुकले म्हणून सांगितलं होतं, आणि जग काही बुडालं नव्हतं.

त्या झाडाचं काय वाया जायचं तुमच्याकडे? काही नाही. पानांच्या चटया, पंखे आणि झाडू. पानाच्या चिरट्या करून वाडीवाले पानवेली बांधायला न्यायचे, कारण सुतळी वेलीला काचते आणि ही पात काचत नाही. फळातली बी इतकी कठीण की पोरं तिचे भोवरे करायची. माझ्या कपाटाच्या खणांना तीच लावून दिली होतीस, मूठ म्हणून. अजून आहेत. शेजारी दुसरा रावणताड होता तो वादळात पडला, तर त्याचं खोड पोखरून तुम्ही वाडीला पाण्याची पन्हळ केलीत. तो पडल्यापासून आपल्या झाडाला फळ धरणं मात्र बंद झालं. मी तुला नर-मादी समजावून सांगायला लागले तर म्हणालीस, "ते ठाऊक हाय. म्हणून तर त्याच्याकडे जास्त बगावं लागतं आता."

आणि तू बघायचीसही. दिवाळी झाली की बांबूला आकडी बांधून खालची जुनी पानं उतरवायचीस. मधला मिटलेला कोंब आणि त्याच्या भोवतीची पानं, त्यांना हात लावायचा नाही. मग माडावर चढणाऱ्या दशरथला वर पाठवून चारही डोकी साफ करून घ्यायचीस आणि पानांच्या बेचक्यात राख, मीठ आणि रेती भरायला लावायचीस. मी विचारलं होतं, मीठ कशाला? "भुंग्याला. पानाच्या बुडाची पेण कुजली की तो त्यातून आत शिरतो." मी ऐकलं. वहीत लिहूनही घेतलं. मास्तरीण ना, वहीत सगळं असतं.

हे निवृत्त झाले आणि आम्ही तुझ्या शेजारी घर बांधलं, तेव्हा तू मला विणायला शिकवलंस. थंडीत पहाटे अंगणात बसायचं, कारण दव पडलेलं असतं आणि पात नरम असते. ऊन चढलं की कडकड तुटते. चार बोटं रुंद पट्टी विणायची, अशा नऊ पट्ट्या एकमेकींना शिवल्या की एका माणसाला झोपायची चटई. माझी पट्टी सापासारखी चालायची. तू तोंडावर "बरी हाय" म्हणायचीस आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर सरळ! मी गेल्यावर तू माझी सगळी ओळ उसवून नव्याने विणलेली असायची. एकदा पकडलं तुला, तर म्हणालीस, "रातीत दवानं सरळ झाली."

ह्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात पडून पडून पाठ सोलायला लागली, गादीवर पडवेना, तेव्हा तुझी चटई अंथरली. तीन महिने ते तिच्यावर झोपले. जाताना ती चटई त्यांच्याबरोबरच दिली. तेव्हापासून माझ्या घरात रावणताडाची चटई नव्हती. कधी तुझ्याजवळ बोलले असेन तसं. मला आठवतसुद्धा नाही.

आता ते सांगायला हवं, ज्याच्यासाठी बसले आहे.

मुंबईहून झाडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी मला सांगितलं की हे मूळ वाळवंटी कुळातलं झाड. कच्छ-सौराष्ट्राच्या रेताड किनाऱ्यावर होतं, अरबस्तान-आफ्रिकेच्या वाळवंटात त्याचे भाऊबंद आहेत, पण आपल्याकडे बोटावर मोजण्याइतकीच उरली आहेत. झालं! माझ्या अंगात आलं. निवृत्त बाईच्या हाताला काम मिळालं. मी अर्ज केले, ग्रामपंचायतीत जाऊन बसले, समिती करवली, आणि वर्षाच्या आत झाडाभोवती तारेचं कुंपण, फाटक, कुलूप आणि लाकडी पाटी. दुर्मिळ वृक्ष, पाने व फळे तोडण्यास सक्त मनाई. मजकूर माझाच. तू पाटी वाचलीस आणि म्हणालीस, "फळं पण लिवलीत? ती तर धरतच नाय." एवढं बोलून घरी वळलीस. मला वाटलं, तुला आनंद झाला.

किल्ली माझ्याकडे. मसाल्याच्या डब्याशेजारी खिळ्याला.

दिवाळीनंतर तू पहिल्यांदा मागायला आलीस. मी तुला समजावलं, म्हणजे शिकवलंच. "हिरा, आता पानं तोडायची नाहीत. जंगलात कोण साफ करतं झाडांना?"

तू म्हणालीस, "जंगलात त्याची भावंडं असतात, बाई. इकडं ते एकटं हाय, आणि चहूबाजूनी माडाच्या वाड्या. वाडीतला भुंगा कुठं जाणार?"

मी म्हटलं, बघू. तू गेलीस. पुढच्या महिन्यापासून बोईसरला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायला जायला लागलीस. सकाळची रिक्षा पकडायला माझ्या दारावरून जायचीस. मी म्हणायचे, बरं झालं, बसून विणून कंबर गेली होती तुझी. असं म्हणायचे मी! तुझे विणायचे हात पिठात गेले, ते माझ्या कुलपामुळे गेले, एवढं साधं गणित मला सोडवता आलं नाही.

आणि मग ती पानं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर खाजणाकडच्या डोक्याची नवी पानं उघडली, ती कातरलेली. अगदी कात्री लावून त्रिकोण काढावेत तशी, दोन्ही बाजूंना सारखी. मी कुंपणाबाहेरून बघितलं आणि तडक तुझ्या दारात आले. तू कॅन्टीनमधून येऊन पाय धूत होतीस. मी म्हटलं, "हिरा, पानं हवी होती तर सांगायचं होतंस. चोरून आकडी लावायची काय गरज होती?"

तुझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. सुलभा आतून बाहेर आली. तू एवढंच म्हणालीस, "मी?"

मी म्हटलं, "मग कोण? आकडी गावात आणखी कुणाकडे आहे?"

अगं, भुंगा होता तो! मिटलेल्या कोंबात शिरून आडवा खातो, म्हणून पान उघडलं की कातरलेलं दिसतं. माहीममधलं शेंबडं पोरगंही सांगेल. माझ्या वहीत लिहिलेलं आहे. आणि मी, विज्ञानाची बाई, भुंग्याचा आळ तुझ्यावर घेऊन आले, ते पण तुझ्या मुलीसमोर.

महिन्याभरात ते डोकं झुकलं, सुकलं, खाली आलं. त्याच्या कण्यात बोट जाईल एवढी भोकं. दशरथने मला दाखवली. मला तेव्हाच कळलं, हिरा. तेव्हाच. तुझं घर माझ्या घरापासून वीस पावलं. मी गेले नाही. आधी वाटलं संध्याकाळी जाऊ. मग वाटलं, तू विसरली असशील. तूच मग एक दिवस चिंबोऱ्यांचं कालवण घेऊन आलीस, जसं काही झालंच नाही, आणि मी ते खाल्लं. कालवण खाल्लं, वर मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, आणि ते दोन शब्द गिळले.

त्याच वेळी तू दुसऱ्यांदा किल्ली मागितलीस. मी म्हटलं, समितीला विचारते. समितीत कोण? मी आणि दोन माणसं, ज्यांना मी सांगेन ते पटतं. खरं हे की किल्ली दिली असती तर पाटी चूक ठरली असती, आणि पाटी माझी होती. दुसरं डोकं गेलं. या पावसाळ्यात तिसरं गेलं. चार डोक्यांचा रावण एका डोक्यावर आला.

तिसऱ्यांदा तू आलीस ती या दिवाळीनंतर, आजच्या वीसएक दिवस आधी. आत आलीस, पण बसली नाहीस. "बाई, किल्ली द्या. उरलेलं एक डोकं साफ करून घेते. पान घेणार नाय. एक पण घेणार नाय, तुमी उभं राहून बगा."

तुमी उभं राहून बगा! हिरा, हे तू म्हणालीस तेव्हा मला कळायला हवं होतं की तू काहीच विसरली नाहीस. मी म्हटलं, "येत्या बैठकीत घेते विषय." तू मान हलवलीस आणि गेलीस. नंतर एका सकाळी रिक्षाची वाट बघताना तुझ्या छातीत कळ आली आणि पालघरला नेईपर्यंत तू संपलीस. बैठक अजून व्हायची आहे.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी सुलभाने मला हाक मारली. म्हणाली, "बाई, आमच्या घरात एक रीत हाय. विणणाऱ्या बाईचं अर्धं काम दहाव्याच्या आत पुरं करायचं, नायतर पाण्यात सोडायचं. आईची एक चटई अर्धी हाय." तिने पलंगाखालून काढली. आठ पट्ट्या शिवलेल्या, नववी वीतभर होऊन थांबलेली. पट्ट्या तुझ्याच, सुतासारख्या सरळ. पण पात कसली! ठिसूळ, काळपट, जागोजागी सांधलेली. असली पात तू कधी हातात धरली नसतीस. मी विचारलं, ही कुठली पात गं?

सुलभा म्हणाली, "गळून पडलेली. कुंपणातून हात घालून ओढायची. जी तारेच्या जवळ पडतील तेवढीच. हाताला ओरखडे किती ते बगितले नाय तुमी?"

मी म्हटलं, गावात कुणीही कुंपण वाकवून आत शिरलं असतं. हिने का नाही?

"मी पण तेच बोलले तिला. तर म्हणाली, बाईंनी लावलंय, बाईच काढतील. झाडाचं पान तोडायचं नाय म्हणून त्यांनी सांगितलंय, तर तोडायचं नाय. पडलेलं घेतलं तर कोण चोर बोलणार नाय." मग तिने चटईच्या कडेवरून हात फिरवला. "तुमच्यासाठीच चालली होती ती चटई. काका गेल्यावर तुमच्याकडे नाय म्हणून."

मी तिथेच जमिनीवर बसले. सुलभाने पाणी आणून दिलं.

तुझ्या हातावरचे ओरखडे मी बघितले होते, हिरा. मला वाटलं होतं, कॅन्टीनमध्ये भाजलं असेल.

नवव्याला पहाटे मी, सुलभा आणि दशरथ खाजणाकडे गेलो. फाटक मी उघडलं. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना, दशरथ म्हणाला तोडू का, मी म्हटलं नाही, उघडायचंच आहे. हात सोलला, पण उघडलं. तो वर चढला. जुनी पानं खाली आली, कुजलेली पेण आली, आणि तारेच्या आकड्याने त्याने तीन भुंगे ओढून काढले, अंगठ्याएवढे, काळेभोर. राख, मीठ आणि रेती मी घरून नेली होती, वहीत लिहिलेल्या मापाने. खाली उतरल्यावर त्याला विचारलं, जगेल का रे? तो म्हणाला, "कोंब खाल्लाय, पण सगळा नाय. जगलं तर जगलं, बाई. उशीर केला आपण." आपण म्हणाला बिचारा.

पाटी मीच उपटली. चुलीत घातली, सुलभाच्या.

हिरव्या पानांतली चार खालची पानं घेतली, मधल्या कोंबाला हात न लावता. रात्रभर दवात ठेवली आणि दहाव्याच्या पहाटे, तुमच्या घरच्यांची घाटावर जायची तयारी चालली होती तेव्हा, तुझ्या अंगणात बसून नववी पट्टी पुरी केली. सुलभाने शिवून दिली. रीत पाळली. पण वीतभर तुझं आणि पुढे माझं, कुठे काय बदललं ते आंधळ्यालाही कळेल. सुरुवातीला सरळ, मग उजवीकडे, मग डावीकडे, शेवटाला तर पार वळून बसली आहे. सुलभा बघून रडता रडता हसली. म्हणाली, "आईनं उसवली असती."

माझं चुकलं, हिरा. पान तू तोडलं नव्हतंस. झाडाची तीन डोकीही माझ्याचमुळे गेली. हे मी सुलभासमोर बोलले, दशरथसमोर बोलले, परवा ग्रामपंचायतीत उभी राहून बोलणार आहे. ज्या एका माणसासमोर बोलायचं होतं ते सोडून आता सगळ्या गावासमोर बोलेन.

चटईवर मी झोपलेली नाही. ती अंगणात पसरून ठेवली आहे, दव पडतं तिथे, नववी पट्टी तुझ्या घराच्या बाजूला करून. आज पहाटे उठून आधी तेच बघितलं. वाकडीच होती.

उसव ना गं ती.